रविवार कोणाचाच नव्हता

१

आजोबा गेले हे आम्हाला सोमवारी सकाळी दहा वाजता कळलं. कधी गेले आणि कोणाच्या हातून गेले, हे कळायला पुढचे तीन तास लागले.

आजोबा म्हणजे आमचं मशीन. आमचा कारखाना कृत्रिम पायांचा. दवाखान्यातून माप यायचं, ते कॉम्प्युटरमध्ये जायचं आणि आजोबा फोमच्या ठोकळ्यातून उरलेल्या पायाचा हुबेहूब साचा कोरून द्यायचे. त्या साच्यावर नवा पाय घडायचा. बावीस वर्षं हेच चाललं होतं. आजोबांना फक्त त्या जुन्या कॉम्प्युटरचं ऐकू यायचं, आणि कॉम्प्युटरमध्ये जुनीच सिस्टीम होती. नवी घातली की आजोबा कायमचे बहिरे होणार, हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं.

त्या सकाळी पडद्यावर निळंशार आकाश होतं. खाली लिहिलं होतं, ‘नव्या सिस्टीममध्ये आपलं स्वागत.’

मास्तरांनी आजोबांचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दिवासुद्धा लागला नाही.

मालकीणबाई आल्या, पडद्याकडे बघितलं, मागे वळल्या आणि शटर खाली ओढलं. आतून कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

“एक वाजता दवाखान्याचा माणूस येईल,” त्या म्हणाल्या. “पोस्टमनचा पाय बुधवारी द्यायचाय. का देता येत नाही ते मला त्याला सांगावं लागेल, आणि कोणामुळे तेही. नाव कळल्याशिवाय शटर वर जाणार नाही.”

कारखान्याला खिडकी नाही. प्लास्टरची धूळ शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून ती केव्हाच विटांनी बुजवली होती. शटर पडलं की दिवस आहे की रात्र, काही कळत नाही.

आत आम्ही पाच जण. बाई. आजोबांना चालवणारे मास्तर. बाईंचे जावई, जे हिशेबबिशेब आणि दवाखान्याची ये-जा बघायचे. पायांचे पट्टे शिवणारी, तिला सगळे पट्टेवालीच म्हणतात. आणि मी, झाडलोट करणारी, प्लास्टर कालवणारी मावशी.

बाई कॅलेंडरापाशी गेल्या. “शनिवार कोणाचा होता?”

सगळे माझ्याकडे बघत होते.

२

हे पाळ्यांचं प्रकरण आधी सांगते.

रोज दुपारी चारला पडद्यावर एक पाटी आपोआप यायची, एरवीही ती हवी तेव्हा उघडता यायची. ‘नवी सिस्टीम घालायची का?’ खाली दोन चौकटी, ‘आता’ आणि ‘नंतर’. तासाभरात कोणी काही दाबलं नाही तर कॉम्प्युटर आपल्या मनानं घालून मोकळा होणार. मग बाईंनी पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्यानं चारला ‘नंतर’ दाबायचं आणि कॅलेंडरावर बरोबरची खूण करायची. ती पाटी कायमची बंद करायचाही उपाय होता म्हणे. पण त्यासाठी काहीतरी एक ठरवावं लागलं असतं.

जावई दर महिन्याला विषय काढायचे. “आई, जुन्या सिस्टीमला आता कोणी वाली नाही. उद्या दवाखान्यानं नव्या पद्धतीनं मापं पाठवली तर आपण काय दोरी घेऊन मोजणार?”

बाई मास्तरांना विचारायच्या, “मास्तर, आजोबा चालतायत ना?”

मास्तर खोटं बोलत नसत. “चालतायत.”

“मग झालं तर. बंद पडतील तेव्हा बघू.”

असं करत दोन वर्षं आम्ही रोज ‘नंतर’ दाबत आलो. सोमवार आणि गुरुवार मास्तर, मंगळवार जावई, बुधवार पट्टेवाली, शुक्रवार बाई, शनिवार मी. रविवारी कॉम्प्युटर बंद, म्हणून रविवारी कोणी नाही.

“मावशी, शनिवारी काय केलंत ते सांगा,” बाई म्हणाल्या.

“सगळे साडेतीनला गेले. मी फरशी पुसली. चारला पाटी आली. ‘नंतर’ दाबलं, खूण केली, कॉम्प्युटर बंद केला, शटर ओढून कुलूप दाबलं.” आमचं कुलूप लावायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. किल्ल्या तिघांकडे. बाई, जावई, मास्तर.

“कॉम्प्युटर तुम्ही बंद केलात, की आपला आपण झाला?”

“मी केला.”

“नवी सिस्टीम घालताना पडदा काळा होतो, मावशी. तुम्ही ‘आता’ दाबलंत, पडदा काळा झाला, तुम्हाला वाटलं बंद झाला.” त्या शांतपणे बोलत होत्या, तेच जास्त लागत होतं. “तुमचा दोष नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला मी पाळी द्यायलाच नको होती. पण मग तुम्हाला ठेवूनही घेता येणार नाही.”

काम गेलं तर दुसरं मिळालं असतं. झाडू काय, कुठेही चालतो. पण मी साठीला टेकले होते तेव्हा अक्षरं शिकले. मास्तरांनीच शिकवली, जेवणाच्या सुट्टीत. टेबलावर प्लास्टरची पूड पसरायची, बोटानं अक्षर काढायचं, चुकलं की फुंकर मारायची. आता या चार भिंतींत बाई म्हणत होत्या की मावशीला वाचता येत नाही. आणि ज्यांनी शिकवलं ते मास्तर आजोबांच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. माझ्याकडे बघतही नव्हते.

“मला एकपर्यंत वेळ द्या,” मी म्हटलं. “नाव मी सांगते.”

३

मी झाडू घेतला. झाडूसमोर माणसं मोकळी बोलतात, जसं काही खोलीत कोणी नाहीच. आणि कचरा तर त्याहून जास्त बोलतो. जावयांच्या टोपलीत खोकल्याच्या गोळ्यांचे कागद असतात, पट्टेवालीच्या मशीनखाली दोऱ्यांची गुंतवळ. गेले तीन महिने शुक्रवारी सकाळी मोठ्या टोपलीत कागदाच्या लांब पट्ट्या सापडत होत्या, दोन्ही कडांना भोकं असलेल्या. जुना प्रिंटर कर्रकर्र करत छापतो, त्या कागदाच्या कडा. गुरुवारी बाई, जावई, पट्टेवाली दवाखान्यात पाय बसवायला जातात, मी दुपारीच सुटते. मला काय, मी गोळा करून टाकत होते.

पट्टेवालीपाशी गेले.

“पाय उचल गं.”

“मावशे, तू केलं नाहीस, मला माहितेय,” ती सुई न थांबवता म्हणाली. “तू मेली भाजीवाल्याच्या पाट्यासुद्धा मोठ्यानं वाचतेस, रस्त्यात लाज आणतेस.”

“तू समोरच राहतेस. रविवारी काही दिसलं?”

तिनं जावयांकडे चोरून पाहिलं. “एक वाजता यांची स्कूटर होती शटरपाशी. पाच मिनिटं. आले काय, गेले काय, मागे कुत्रं लागल्यासारखे.”

“त्याआधी?”

“त्याआधी मी केस धूत होते. चोवीस तास खिडकीत बसायला मला काय पोलिसांनी नेमलंय?”

जावई मापांच्या फायली उगाच खालीवर करत होते. मी त्यांच्या टेबलाखाली झाडू घातला.

“जावईबापू, काल स्कूटर गरम झाली होती का, इथे थांबवलीत ती?”

त्यांच्या हातातली फाईल खाली पडली.

“हळू बोला, मावशी!” बाई पलीकडे होत्या. “मी काहीही केलेलं नाही. म्हणजे, करायला आलो होतो. खरं सांगतो. ‘आता’ दाबून टाकायचं, एकदाचा सोक्षमोक्ष, असं ठरवूनच आलो होतो.”

“मग?”

“शटर वर केलं तर पंखा चालू! पडद्यावर आकडा, चाळीस टक्के. माझ्या आधीच कोणीतरी दाबून गेलं होतं. मी पंखा बंद केला आणि सुटलो.”

“आकडा नीट बघितलात?”

“चाळीस. बघता बघता एक्केचाळीस झाला.”

“शंभर व्हायला किती वेळ लागतो?”

“दोन-अडीच तास.” आणि मग त्यांच्याही डोक्यात उजेड पडला. “म्हणजे... मावशी, तुम्ही शनिवारी चारला दाबलं असतं तर शनिवारीच सातच्या आत सगळं आटपलं असतं.”

“हे बाईंना सांगाल?”

त्यांनी सासूकडे बघितलं, नंतर बंद शटरकडे. “सांगितलं तर त्या म्हणतील की मीच केलं. दोन वर्षं मीच तर मागे लागलोय. मावशी, मी या घरात जावई आहे. मला इथून कुठे जायचंय?”

त्यांची दया आली आणि रागही आला. मी सुटत होते, पण ज्यांच्या तोंडून सुटायचं त्या तोंडाला कुलूप होतं.

४

आता उरला पंखा. जो कोणी रविवारी आला तो घाईत नव्हता. पंखा लावून बसला होता. काय करत होता?

मी आजोबांकडे वळले. रोज मी त्यांना कपड्यानं पुसते. शनिवारी पुसताना कोरायच्या पात्यानं माझं बोट कापलं होतं, त्याची चिंधी अजून बोटावर होती. आज मी हात घातला तो सरळ आत गेला. पातं जागेवर नव्हतं.

खालच्या खणात ते सापडलं. जाळीच्या मोज्यात गुंडाळलेलं, तेल लावलेलं. पायांवर चढवतो तोच मोजा, दोन गाठी मारलेल्या.

आठवड्याहून जास्त सुट्टी असली तरच पातं असं काढून ठेवतात. नाहीतर गंज चढतो. म्हणजे जो कोणी आला होता त्याला माहीत होतं की आजोबा आता उठणार नाहीत. आणि कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी त्यानं बसून, पुसून, तेल लावून आजोबांना निजवलं होतं.

जावई नव्हेत. पात्याचे आटे उलटे आहेत. मागे एकदा त्यांनी सुलटं फिरवून पातं मोडलं होतं, त्याबद्दल अजून बोलणी खातात.

“बाई,” मी विचारलं, “आजोबांचं पातं तुम्हाला काढता येतं?”

“यांनी शिकवलं होतं,” त्या म्हणाल्या. हे म्हणजे त्यांचे गेलेले यजमान, आमचे साहेब, ज्यांनी आजोबांना आणलं. “दोनच माणसांना शिकवलं. मला आणि मास्तरांना. का?”

मी उत्तर द्यायच्या आत टेबलावरचा फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले होते.

मास्तर दचकून पुढे आले. बाईंनी हात आडवा केला आणि स्वतः फोन उचलला.

“हो, कारखानाच. मास्तर कामात आहेत. नंतर करा.” आणि ठेवून दिला.

मास्तरांचा चेहरा अख्ख्या कारखान्यात फक्त मी बघितला. पाय बसवायला आलेल्या माणसाचा नवा पाय पहिल्यांदा टेकतो आणि कळ डोक्यात जाते, तेव्हा असा चेहरा होतो.

मी प्लास्टरच्या खोलीत गेले. गोण्यांच्या मागे एक लाकडी पेटी होती, धूळ न बसलेली. इथे धूळ न बसलेली वस्तू म्हणजे हल्ली हात लागलेली. झाकण उघडलं. आत कागदांचा गठ्ठा होता, कडांच्या पट्ट्या फाडून काढलेल्या. एकेका पानावर एकेका माणसाच्या पायाचं माप. बावीस वर्षांतले सगळे पाय.

मागे कोणीतरी दार लोटलं.

५

“चारशे अकरा आहेत,” मास्तर म्हणाले. “नव्या सिस्टीमला जुनी मापं उघडता येणार नाहीत. ती गेली असती तर माणसांना पुन्हा उघड्या पायानं मोजून घ्यावं लागलं असतं.”

“दर गुरुवारी छापत होतात.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“कळायला वेळ लागला. पट्ट्या तर मीच टाकत होते.” मी पेटीचं झाकण लावलं. “मास्तर, केलंत ते केलंत. पण बाई मला अडाणी म्हणत होत्या आणि तुम्ही भिंत होऊन उभे राहिलात.”

ते गोणीवर बसले.

“रविवार कोणाचाच नव्हता, मावशी. म्हणून मी रविवार निवडला. वाटलं, कोणाच्या पाळीत केलं नाही तर कोणावर येणार नाही. कॉम्प्युटरनंच केलं म्हणतील. बाई मागे मागे जात शनिवारवर बोट ठेवतील, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि नाव घेतलं तेव्हा तोंड उघडेना. मी बोललो असतो तर पुन्हा अडकलो असतो.”

“कशात अडकलात?”

“साहेब गेले तेव्हा त्यांचा हात धरून शब्द दिला होता. आजोबा चालतायत तोवर मी जाणार नाही. तेव्हा वाटलं होतं, अजून दोन वर्षं, फार तर तीन. आज अकरा झाली. मी रोज तेल घालतो आणि हे चालतातच. बाई विचारतात, चालतायत का, आणि मला ‘हो’च म्हणावं लागतं.”

मास्तरांची बायको दोन वर्षांपूर्वी लेकीकडे राहायला गेली, एवढं मला माहीत होतं. रोज बाराला तिचा फोन येतो, हेही.

“तिला हल्ली आठवत नाही,” मास्तर म्हणाले. “फोन लेक लावून देते. परवा मी म्हटलं, मी बोलतोय. तर म्हणाली, आमचे हे कामावर गेलेत, संध्याकाळी फोन करा.”

टेबलावर पूड पडली होती, त्यात त्यांचं बोट नुसतंच फिरत होतं.

“अजून नाव आठवतं तिला माझं. आणखी किती दिवस आठवेल, कोण सांगणार? मी मोडतोड केली नाही मावशी. साहेबांचं मशीन मी मोडणार नाही. फक्त दोन वर्षं जे दाबत आलो, त्याच्या शेजारचं दाबलं.”

“तुम्ही सांगता की मी?”

ते उठले. शर्टावरची पूड झटकली. “तुम्ही कशाला. मीच सांगतो.”

६

मास्तरांनी सगळं सांगितलं, अगदी पात्याच्या गाठींसकट. मग जावयांनाही कंठ फुटला, आणि चाळीस टक्के एका दमात बाहेर आले.

बाई खुर्चीत बसल्या. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मावशी, मी बोलले ते मागे घेते.” आणि लगेच मास्तरांकडे वळून, “पण मास्तर, असं कसं चालेल? तुम्ही नाही, आजोबा नाहीत. मी एकटी काय करू?”

“आई, नवं मशीन...” जावई बोलायला लागले.

“तुम्ही गप्प बसा. आधी सांगा, हे पुसता येतं का?”

जावयांनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलायचं होतं, मला दिसत होतं. पण सासूसमोर त्यांना कधीच जमलं नाही. “दहा दिवसांच्या आत... मागे जाता येतं. सगळं होतं तसं होतं.”

मास्तरांचा हात आजोबांच्या पाठीवरून खाली घसरला. हे त्यांना माहीत नव्हतं.

“काढा ती पाटी,” बाई म्हणाल्या.

पाटी आली. जावई हात मागे घेऊन उभे राहिले. “मी नाही दाबणार, आई. उद्या काही झालं तर माझ्यावर नको.”

“मास्तर?”

मास्तर पुढे झाले. दिलेला शब्द होता. आजोबा उठणार असतील तर ते थांबणार होते. त्यांनी बोट पुढे नेलं आणि डोळे मिटून घेतले, ते बाईंनाच बघवलं नाही.

“राहू द्या. मावशी, या इकडे. वाचता येतं ना तुम्हाला? मग सगळ्यांसमोर वाचा आणि दाबा. म्हणजे पुन्हा कोणी बोलणार नाही, मीसुद्धा नाही.”

मी पडद्यासमोर उभी राहिले. चष्मा पुसला. पट्टेवालीची सुई थांबली होती. शटरबाहेर कोणाची तरी सायकल घंटा वाजवत गेली, खूप लांबून आल्यासारखी.

मी मोठ्यानं वाचलं. “‘जुन्या सिस्टीमकडे मागे जा.’ ही डावी. ‘इथेच राहा आणि जुनी सिस्टीम काढून टाका.’ ही उजवी.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “दाबा.”

मी उजवी दाबली.

“मावशी!”

“दुसरी पाटी आली, बाई. वाचते. ‘जुनी सिस्टीम कायमची जाईल. पुन्हा मागे जाता येणार नाही. नक्की ना?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’.”

बाई उठून आल्या. माझा हात धरायला त्यांना दोन पावलं होती. त्या एका पावलावर थांबल्या. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, मग फोनकडे, आणि त्यांना आठवलं असावं की बाराला त्यांनी काय उत्तर दिलं होतं.

मी ‘हो’ दाबलं.

“चुकून नाही दाबलं, बाई,” मी म्हटलं. “वाचून दाबलं. उद्यापासून येऊ नको म्हणालात तर येणार नाही.”

आकडा वर चढत होता. शंभर झाले तेव्हा शटरवर बाहेरून थापा पडल्या. दवाखान्याचा माणूस.

बाईंनी कमरेची किल्ली काढली आणि स्वतः शटर वर केलं. एवढा उजेड आत आला की आम्ही सगळ्यांनी डोळे बारीक केले.

“पाय तयार होईल,” त्या त्याला म्हणाल्या. “साचा मास्तर हातानं कानशीनं घडवतील, मशीनच्या आधी घडवायचे तसा. तो शेवटचा. पुढच्या कामाला थोडा उशीर होईल, मशीन नवं घ्यायचंय.”

“का? काय झालं? कोणाची चूक?”

“माझी,” बाई म्हणाल्या. “ठरवायला फार वेळ लावला.” आणि आत वळून, “मावशी, उभ्या काय राहिलात? माणसाला पाणी द्या. आणि उद्या आल्यावर ते कॅलेंडर काढून टाका.”

मी पाणी आणायला गेले. मागे मास्तरांनी फोन उचलला होता. आकडे फिरवून ते थांबले, पलीकडून कोणीतरी बोललं, बराच वेळ बोललं.

“नाही, संध्याकाळी नको,” मास्तर म्हणाले. “त्यांचाच निरोप आहे. सांगायला सांगितलंय की काम संपलं. बुधवारी निघतायत.”